शितावरून भात कळतो, भोकावरून तळं नाही

आभाळातून पडतो तोही बर्फ आणि तळ्यावर धरतो तोही बर्फच. मराठीत दोघांना एकच शब्द. अमेरिकेतल्या मिनेसोटात पहिली काही वर्षं मला त्याचं काही वाटलं नाही. स्नोमोबील (पुढे स्की, मागे रबरी पट्टा असलेली बर्फावरची गाडी) घेतल्यावर कळलं की या दोघांचं आपसांत मुळीच पटत नाही. स्लेडला (इथे स्नोमोबीलला सगळे स्लेडच म्हणतात) पळायला आभाळातला बर्फ लागतो. पट्ट्याने उडवलेला स्नो बुडाच्या पत्र्यावर आदळतो तेव्हा कुठे इंजिनाचं पाणी थंड होतं, आणि पट्टा ज्या रुळांवरून फिरतो त्यांच्या प्लास्टिकला वंगणही त्याच स्नोचं. नुसत्या काचेसारख्या गोठलेल्या तळ्यावर स्लेड थोड्याच वेळात तापते. उलट तळ्यावरच्या बर्फाला जाड व्हायचं तर डोक्यावर स्नो अजिबात नको. स्नो म्हणजे गोधडी. थंडी वरच अडते आणि खालचा बर्फ वाढायचा जवळजवळ थांबतो. ज्या सकाळी खिडकीबाहेर सहा इंच स्नो बघून हात शिवशिवतात, नेमक्या त्याच सकाळी तळ्याची वाढ खुंटलेली असते.

म्हणून या लेखात आभाळातल्याला स्नो आणि तळ्यावरच्याला बर्फ. तळ्यावरचा बर्फ स्लेड पेलेल का हे मोजून कसं ठरवायचं ते सांगतो, आणि हे सगळं साधारण नोव्हेंबरच्या शेवटापासून ख्रिसमसपर्यंतच्या दिवसांसाठी. जानेवारीत तळ्यावर पिकअप ट्रक उभे असतात, तेव्हाचे प्रश्न वेगळे.

एका थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाला, भाचा आला होता. खिडकीतून तळं बघून म्हणाला, "मामा, स्लेडच्या खुणा दिसतायत की. म्हणजे धरलंय ना?" मी त्याला दुर्बीण दिली. खुणा एकाच दिशेने गेलेल्या होत्या. गेलेला माणूस परतताना रस्त्याने, ट्रेलरवर स्लेड घालून आला होता. का, ते आम्ही विचारलं नाही, पण अंदाज आला. दुसऱ्याच्या खुणांवरून फार तर एवढंच कळतं की काल, त्या वजनाला, त्या रेघेवर बर्फ टिकला.

आणखी एक गैरसमज आधीच काढून टाकतो. मिनेसोटाच्या स्नोमोबील ट्रेल्स १ डिसेंबरला अधिकृतपणे उघडतात. ती कॅलेंडरातली तारीख आहे, तळ्याला ती कोणी कळवलेली नसते. डीएनआर, म्हणजे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं, कुठल्या तळ्यावर किती बर्फ आहे हे मोजत नाही. ते फक्त मार्गदर्शक आकडे देतं. मोजायचं आपणच.

आधी घरी बसून थंडीचा हिशोब

तळं गोठायला सुरुवात कशी होते हे एकदा कळलं की निम्मी कोडी सुटतात. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं. शरद ऋतूत वरचं पाणी थंड होऊन खाली बसतं, खालचं वर येतं, असं घुसळत घुसळत सगळं तळं ४ अंशांवर येतं. त्यानंतर मात्र आणखी थंड झालेलं पाणी हलकं पडून वरच राहतं, आणि एखाद्या शांत, निरभ्र रात्री त्याच्यावर साय धरते. दुधासारखीच: आधी कडेला, मग मध्ये, आणि फुंकर मारली की फाटते. खोल तळ्यात घुसळायला पाणी जास्त, म्हणून ते उशिरा धरतं. उथळ तळं लवकर. एकाच गावातल्या दोन तळ्यांत सहज आठवड्याभराचा फरक पडतो. एकाच तळ्याच्या उथळ खाडीत पाच इंच आणि मधल्या खोल भागात उघडं पाणी, हेही डिसेंबरात नेहमीचं.

साय धरल्याची तारीख मी वहीत लिहितो. दारातून दिसत नसेल तर रोज कामावर जाताना गाडी थांबवून बघतो. त्यानंतर रोजचं सरासरी तापमान, म्हणजे दिवसाचं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांची मधली संख्या. ती शून्याच्या खाली जेवढे अंश, तेवढे त्या दिवसाचे गुण. उणे ८ असेल तर ८ गुण. सरासरी शून्याच्या वर गेली तर तेवढे वजा. स्नो नसलेल्या तळ्यावर या गुणांच्या बेरजेचं वर्गमूळ काढून दुप्पट केलं की बर्फाची जाडी साधारण सेंटिमीटरमध्ये मिळते. पाच दिवस सरासरी उणे ८ राहिलं तर ४० गुण, वर्गमूळ सहाच्या थोडं वर, म्हणजे बारा-साडेबारा सेंटिमीटर. जेमतेम पाच इंच.

वर्गमूळ आहे हे विसरायचं नाही. पहिले दोन इंच बघता बघता येतात, पुढचे रांगत येतात. जाडी दुप्पट व्हायला थंडी चौपट लागते, कारण बर्फ स्वतःच खालच्या पाण्याला पांघरूण होतो. "दोन दिवसांत तीन इंच धरलं, म्हणजे आणखी दोन दिवसांत सहा" हा हिशोब दर वर्षी कोणीतरी मांडतं.

आणि एकदा स्नो पडला की हा सगळा हिशोब कोलमडतो. मी त्या दिवशी वहीत आडवी रेघ मारतो आणि त्यापुढची बेरीज मनातल्या मनात निम्मी धरतो. तसंही या आकड्याचा उपयोग एवढाच: मोजायला कधी जावं हे ठरवण्यापुरता. स्लेड न्यायची की नाही हे या वहीतून ठरत नाही.

कोणता बर्फ

पुढे आकडे येतील, पण ते फक्त एका जातीच्या बर्फाचे आहेत. शांत थंडीत, स्नो पडण्याआधी धरलेला, काळसर किंवा निळसर दिसणारा, आरपार पारदर्शक बर्फ. काळा दिसतो तो खालच्या पाण्यामुळे. पहिल्यांदा त्याच्यावर उभं राहताना पोटात गोळा येतो, कारण पायाखाली तळाची झाडंझुडपं दिसतात. पण सगळ्यात मजबूत हाच.

पांढरा बर्फ दिसायला भरभक्कम. डोळ्यांना तोच जास्त सुरक्षित वाटतो, आणि तिथेच माणूस फसतो. तो स्नोचाच बनलेला असतो: पाण्यात भिजलेला स्नो पुन्हा गोठला की त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, म्हणून पांढरा. त्याची ताकद पारदर्शक बर्फाच्या साधारण निम्मी धरायची. राखाडी, ओलसर, सच्छिद्र दिसणारा बर्फ म्हणजे आत पाणी आहे. त्याची जाडी मोजायचीही तसदी घेऊ नका, परत फिरा. हा खरं तर मार्च-एप्रिलचा पाहुणा, पण डिसेंबरात पाऊस पडला तर तेव्हाही येतो. २०२३-२४चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सगळ्यात उबदार ठरला. त्या वर्षी डुलूथची बेअरग्रीस कुत्रागाड्यांची शर्यतसुद्धा स्नोअभावी रद्द झाली. अशा वर्षी आदल्या वर्षाची तारीख आठवून तळ्यावर जाणं म्हणजे विषाची परीक्षा.

स्नो पडल्यावर बर्फाचं काय होतं ते भोक पाडल्यावर स्वच्छ दिसतं. बर्फ पाण्यापेक्षा थोडाच हलका, म्हणून तरंगताना त्याचा जेमतेम बारावा भाग पाण्याच्या वर राहतो. सहा इंच बर्फात भोक पाडलं की पाणी काठापासून अर्धा इंच खाली थांबायला हवं. ही तपासणी मला फार आवडते, कारण तिला काही लागत नाही, नुसतं वाकून बघायचं. आता त्याच बर्फावर पाच इंच ताजा स्नो पडला तर तो अर्धा इंच संपतो. त्याहून जास्त पडला, की बर्फ स्नोच्या वजनाने पाण्याच्या पातळीखाली दाबला जातो आणि भोकातून पाणी बुडबुडत वर येतं. भोक पाडलं नाही तर तेच पाणी भेगांतून वर येतं आणि स्नोच्या खाली लपून बसतं. यालाच स्लश म्हणतात. वरून कोरडा, गुळगुळीत स्नो. स्लेड त्यात शिरली की पट्टा गरगर फिरतो, रबरबाट उडतो आणि गाडी बसते. मग अडीचशे किलोचं धूड गुडघाभर गार पाण्यात उभं राहून ओढायचं. मी एकदा संध्याकाळी साडेचारला हे केलं आहे, अंधार पडत असताना. दुसऱ्या दिवशी सगळं गोठून स्लेड बर्फात रोवली गेली होती ती वेगळीच.

आकडे, आणि त्यांच्यामागचं गणित

डीएनआरचे आकडे नव्या, पारदर्शक बर्फासाठी असे आहेत: चार इंचांखाली तळ्यावर पाऊल नाही, पायी चालायला चार इंच, एका स्नोमोबीलला पाच ते सात इंच. पांढरा बर्फ असेल तर सगळे दुप्पट.

पाच की सात, हा प्रश्न मी हंगामाच्या सुरुवातीला सातच्या बाजूने सोडवतो. कारण गणितात आहे. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमधल्या लोर्न गोल्ड यांनी १९७१मध्ये बर्फावरच्या वाहतुकीसाठी एक साधं सूत्र मांडलं: जाडीचा वर्ग करा, एका स्थिरांकाने गुणा, सुरक्षित वजन मिळेल. सावध बाजूचा स्थिरांक साडेतीन, जाडी सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत. पाच इंचांना येतात साधारण ५६५ किलो. चार इंचांना ३६०. तीन इंचांना २०० च्या आसपास. आता स्लेड अडीचशे किलो, पेट्रोल, कपड्यांसकट माणूस, मागे पिशवी. सहज साडेतीनशे-पावणेचारशे. म्हणजे पाच इंचांवर थोडी मोकळीक आहे, चारवर काहीच नाही, आणि तीनवर निम्मं वजनच पेलतं. वर्ग असल्यामुळे जाडी निम्मी झाली की ताकद चौथाई होते. पाच इंचांच्या तळ्यात अडीच इंचांची एक जागा पुरे.

मिश्र बर्फ असेल तर पारदर्शक थर पूर्ण मोजायचा आणि पांढरा निम्मा. वर दोन इंच पांढरा, खाली चार पारदर्शक: फूटपट्टीवर सहा, हिशोबात पाच. दोन थरांच्या मध्ये पाणी किंवा पोकळी सापडली तर खालचाच थर धरायचा, वरचा हिशोबातच घ्यायचा नाही.

बरोबर काय घ्यायचं

पहार. खड्डे खणायची आपली पहार असते तशीच, टोकाला छिन्नीसारखी धार आणि मुठीला मनगटात अडकवायची दोरी. दोरी नसेल तर पहार तळाला गेलीच समजा. माझी पहिली गेली. गिरमिट: हाताने फिरवायचं किंवा बॅटरीच्या ड्रिलला लाकडात भोक पाडायचं लांब पातं लावून. मोजायला मोठं भोक लागत नाही, टेप जाईल एवढं बास. टेपचं टोक हुकासारखं वळलेलं असतं, ते बर्फाच्या खालच्या कडेला अडकवून वर वाचायचं. नुसतं पाण्यात सोडून अंदाज घेतला तर अर्धा-पाऊण इंच चुकतो, आणि चूक नेहमी आपल्याला हव्या त्या बाजूने होते.

अंगावर तरंगणारा कोट किंवा जॅकेटच्या वरून लाइफ जॅकेट. गळ्यात बर्फाचे टोचे, म्हणजे दोन लाकडी मुठी, त्यात रोवलेले अणकुचीदार खिळे आणि दोघांना जोडणारी दोरी. बाजारात स्वस्तात मिळतात. ते गळ्यातच हवेत. पिशवीत, सीटखाली किंवा गाडीत असलेले टोचे नसल्यातच जमा. शिट्टी, प्लास्टिकच्या पाणबंद पाकिटात फोन, आणि फेकायला पन्नासेक फूट दोरी. स्लेडला इंजिन बंद करायची दोरी असते ती अंगाला अडकवलेली.

कागदपत्रांत एक: मिनेसोटाच्या रहिवाशाचा जन्म ३१ डिसेंबर १९७६ नंतरचा असेल तर स्नोमोबील चालवायला सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. आपल्यातल्या बऱ्याच जणांना हे पहिल्या दंडाच्या वेळी कळतं.

मोजणी: पायी, दोघांनी, स्लेड काठावर ठेवून

निघण्याआधी तळ्याकाठच्या आमिषांच्या दुकानात जा. मासेमारीची आमिषं, गळ, कॉफी विकणारं ते दुकान म्हणजे इथला पार. मिल लॅक्ससारख्या मोठ्या तळ्यांवर रिसॉर्टवाले रोज बर्फ मोजतात, वाटा आखतात, कुठे भेग उघडली ते त्यांना त्या सकाळीच ठाऊक असतं. विचारताना "बर्फ कसा आहे?" असं विचारू नका, "बराय" असंच उत्तर येतं. विचारा: कोणत्या बाजूला, कधी मोजला, किती पांढरा, आणि तुम्ही स्वतः स्लेड कुठपर्यंत नेली?

मग काठ. हा टप्पा लोक घाईत उरकतात. काठाशी जमिनीची ऊब असते, पाण्याची पातळी खालीवर होते, म्हणून तिथला बर्फ अनेकदा आतल्यापेक्षा वाईट असतो. काठावर उभं राहून पहारेने समोर एक पूर्ण ताकदीचा दणका द्या. एका दणक्यात आरपार गेली तर घरी जा. नाही गेली तर पहिलं पाऊल, पुन्हा दणका, पुन्हा पाऊल. कान उघडे ठेवा. जाड बर्फावर पहार टणक, कोरडी वाजते आणि हाताला झिणझिण्या येतात. पातळ होत गेला की आवाज पोकळ, ओलसर होतो आणि टोक थोडं रुतल्यासारखं वाटतं. हा फरक लिहून सांगता येत नाही. एका सकाळी दहा मिनिटं दणके देत बसलात की कायमचा कळतो.

चार-पाच पावलांत पहिलं भोक पाडा, मोजा, वर सांगितलं तसं पाण्याची पातळी बघा. चार इंच नसतील तर तिथूनच परत. असतील तर पुढे. डीएनआर म्हणतं निदान दर १५० फुटांवर भोक पाडा. मी सुरुवातीच्या दिवसांत पन्नास-साठ फुटांवर पाडतो आणि दोन भोकांच्या मध्ये पहार चालूच ठेवतो. जोडीदाराने तीस-चाळीस फूट मागे, दोरी हातात घेऊन चालायचं, गप्पा मारत शेजारून नाही. आकडा मागच्यापेक्षा इंचभर जरी कमी आला तरी थांबायचं आणि का ते शोधायचं.

हे सगळं मला कंटाळवाणं वाटायचं. मग एका डिसेंबरात एका घराच्या धक्क्यापासून जरा लांब मला सव्वासहा इंच मिळाले, स्वच्छ काळा बर्फ. मी वहीत आकडा लिहिला, पहार काखेत मारली आणि धक्क्याच्या दिशेने चालायला लागलो. चाळीसेक पावलांवर का कोण जाणे, सवयीने पहार टेकवली. टेकवली, मारली नाही. ती आत गेली. धक्क्याचे खांब बर्फाने उखडू नयेत म्हणून मालकाने पाण्याखाली हवेचे बुडबुडे सोडणारी नळी लावली होती. बुडबुड्यांबरोबर तळाचं कोमट पाणी वर येतं आणि बर्फ खालून खात राहतं. वरून काहीच दिसत नव्हतं. सव्वासहा ते दोनपेक्षा कमी, चाळीस पावलांत.

शितावरून भाताची परीक्षा होते कारण सगळा भात एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजलेला असतो. तळ्याखाली आच जागोजागी वेगळी.

कुठे जाडी दगा देते

तळ्याचा खोली दाखवणारा नकाशा घ्या आणि त्याच्यावर आधीच लाल खुणा करा. ओढा कुठे मिळतो, पाणी कुठून बाहेर पडतं, रस्त्याखालून नळ कुठे येतो. दोन खाड्यांना जोडणारी चिंचोळी जागा: तिथे पाणी वाहतं राहतं. मिनेटोंका तळं हे त्याचं उत्तम उदाहरण, कितीतरी खाड्या आणि त्यांना जोडणारे, पुलांखालून जाणारे कालवे. खाड्या धरतात, कालवे मागे राहतात. मिनेटोंकावर स्लेड काढायची असेल तर कालव्याशी काठावर चढून रस्त्याने पलीकडे उतरायची सवय लावून घ्या. पुलाचे खांब, बर्फातून डोकं काढलेले खडक (उन्हात तापतात), लव्हाळ्याची बेटं (कुजताना ऊब सोडतात), बीव्हरचं (पाण्यात काटक्यांचं घर बांधणाऱ्या प्राण्याचं) घर आणि त्याची जायची-यायची वाट. शेकडो बदकं, हंस एका जागी बसून पाणी उघडं ठेवतात. थंडीची लाट आली की ते उडून जातात, आणि त्या जागी एका रात्रीत कागदासारखा बर्फ धरून वर स्नो पडतो. आठवडाभर आधी पक्षी कुठे बसले होते हे पाहून ठेवलेलं पुढे कामाला येतं.

तळाचे झरे नकाशात नसतात. ते गावातल्या म्हाताऱ्यांना माहीत असतात.

भेगांबद्दल थोडं. थंडीत बर्फ आवळतो, उन्हात पसरतो, आणि दोन्ही वेळा आवाज करतो: कधी बंदुकीसारखा, कधी लांबवर डरकाळी फोडल्यासारखा. नुसता आवाज म्हणजे धोका नाही. कोरडी, केसाएवढी भेग तर उपयोगाची. पारदर्शक बर्फात तिची पांढरी भिंत खोलपर्यंत दिसते आणि जाडीचा अंदाज देते. ओली भेग, दोन भेगा एकमेकींना छेदतात ती जागा, आणि जिथे दोन मोठे पत्रे एकमेकांवर चढून वरंबा तयार होतो ती जागा, या तिन्हींपासून लांब. वरंब्याशेजारी बर्फ वाकतो आणि उघडं पाणी असू शकतं. काल ओलांडला म्हणून आज ओलांडता येईल असं नाही.

आणि वारा. जाडी पुरेशी असूनही तो घात करतो. अप्पर रेड लेक हे उत्तरेतलं विस्तीर्ण पण उथळ तळं, राज्यात लवकर धरतं म्हणून हंगामातली पहिली गर्दी तिथेच. २८ नोव्हेंबर २०२२ला तिथला बर्फाचा मोठा पत्रा काठापासून सुटला आणि मासेमारीला गेलेली सुमारे २०० माणसं त्याच्यावर तरंगत राहिली. मध्ये तीसेक फूट उघडं पाणी. सगळे सुखरूप परत आणले गेले. पायाखालचा बर्फ त्यांना पेलत होताच, तो काठाला धरून नव्हता एवढंच. मोठ्या तळ्यावर सुरुवातीच्या दिवसांत काठाकडून आत वाहणारा जोराचा वारा असेल, तर मी टेपवर सात इंच बघूनही जात नाही.

आता स्लेड

पायी आखलेल्या वाटेवरूनच जा. भोकांपाशी काड्या रोवून ठेवल्या असतील तर परतताना शोधाशोध नाही. पहिली फेरी एकट्या स्लेडने, मागे कोणी न बसवता. दोन स्लेड असतील तर मध्ये निदान शंभर फूट, आणि थांबल्यावर घोळका नाही. सगळ्यांनी एकाच जागी स्लेड लावून थर्मासमधला चहा काढला की तिथे दीड टन वजन झालं. शिवाय उभ्या वजनाखाली बर्फ हळूहळू खचत राहतो. थांबलात आणि थोड्या वेळाने पायाशी ओल दिसली, तर चहा टाकून निघा.

वेगाचं एक शास्त्र आहे जे फार जणांना माहीत नसतं. वजन बर्फावरून पुढे सरकतं तशी खालच्या पाण्यात एक लाट त्याच्याबरोबर चालते. तिचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो: दहा फूट पाण्यात ताशी सुमारे १२ मैल, तीस फुटांत २१. गाडीचा आणि लाटेचा वेग जुळला की बर्फ सर्वाधिक वाकतो. काठाकडे येताना आपण वेग कमी करतो आणि पाणीही उथळ होत जातं, त्यामुळे ही गाठ नेमकी काठाशी पडते. त्यात लाट काठावर आपटून उलटते. म्हणून काठाला सरळ काटकोनात भिडायचं नाही, तिरकं यायचं. जाड बर्फावर स्लेडला याने फरक पडत नाही. पाच-सहा इंचांवर पडतो.

रात्री जाऊच नका, निदान पहिले तीन आठवडे. कायद्याने वेगमर्यादा ताशी ५० मैल आहे. ताशी ४० मैलांनासुद्धा स्लेड सेकंदाला जवळजवळ साठ फूट जाते. दिव्याच्या उजेडात उघडं पाणी दिसून, मेंदूला कळून, ब्रेक दाबेपर्यंत निम्मा उजेड संपलेला असतो, आणि उरलेल्या अंतरात बर्फावर ब्रेक लागत नाही. काळं पाणी आणि काळा बर्फ रात्री सारखेच दिसतात. पिऊन चालवण्याबद्दल मी काही लिहीत नाही, वाचणारे शहाणे आहेत.

उघड्या पाण्यावरून वेगात स्लेड उडवत नेण्याचे व्हिडिओ बघून "पातळ आला तर गॅस देऊ" असा बेत कोणी करत असेल तर त्याने एवढंच लक्षात घ्यावं की त्या लोकांनी पाणी आधी पाहिलेलं असतं.

पडलात तर

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातल्या गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी स्वतः बर्फाळ पाण्यात उतरून माणसाच्या शरीराचा अभ्यास केला. त्यांचा नियम तीन आकड्यांचा: एक, दहा, एक. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात आणायला. पुढची दहा मिनिटं हातपाय कामाचे. शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे गारठून लगेच मरत नाही. पहिल्या मिनिटाच्या घाबरगुंडीत पाणी नाकातोंडात जाऊन बुडतो. तेव्हा पहिलं काम काहीही न करणं: डोकं वर, धाप ओसरू द्या. जाड कपडे काढू नका, त्यांत अडकलेली हवा तरंगवते.

मग आलात त्या दिशेला वळा. तिकडच्या बर्फाने तुम्हाला आत्तापर्यंत पेललं होतं, पुढचा कसा आहे कोणालाच माहीत नाही. हात बर्फावर पसरा, टोचे रोवा, पाय पाठीमागे वर आणून पोहल्यासारखे जोरात मारा, म्हणजे अंग आडवं होतं आणि पोटावर सरकत बाहेर येतं. कड तुटेल, पुन्हा तुटेल. तोडत तोडतच पुढे जायचं. बाहेर आलात की उभं राहायचं नाही. लोळत, आल्या वाटेने, निदान स्लेडच्या लांबीच्या काही पट.

जोडीदाराने धावत कडेशी जायचं नाही. आधी ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन. मग ओरडून धीर देत राहायचं आणि लांबूनच काहीतरी पोचवायचं: दोरी, फांदी, पहार, जे हाताशी असेल ते. दोरी फेकताना टोकाला मोठा फास बांधून फेका. गारठलेली बोटं गाठ मारू शकत नाहीत, पण फासात कोपर अडकवता येतं.

बाहेर आल्यावर ओले कपडे उतरवून कोरडं, वाऱ्यापासून आडोसा, शुद्धीवर असेल तर गोड गरम काहीतरी. हातपाय चोळू नका, ब्रँडी देऊ नका. कापरं भरलं असेल तर चांगलं, थांबलं आणि माणूस असंबद्ध बोलायला लागला तर रुग्णवाहिकेला आणखी एक फोन. बरं वाटत असलं तरी इस्पितळात दाखवायचंच.

स्लेड राहू द्या तळाला. शेरीफच्या (इथल्या पोलीसप्रमुखाच्या) कार्यालयात कळवा. काढायची जबाबदारी आणि खर्च मालकाचाच असतो, पण त्यासाठी पाणबुडे आणि तिकाटणं घेऊन येणारे लोक असतात, आणि तेही आधी पहार घेऊन पायीच येतात.